फ्रिस्को ते शुगर लँड, रिओ ग्रांदेच्या वाटेनं

शनिवार, 3 जानेवारी 2026, फ्रिस्को

फ्रिस्कोची वस्ती 1990 साली जेमतेम 6 हजार होती. 2020 च्या जनगणनेत ती 2 लाखांच्या पुढे गेली. धाकट्या भावानं इथे घर घेतलं तेव्हा मागच्या रस्त्यापलीकडे गाई चरत होत्या म्हणे. आता तिथे डोशाचं हॉटेल, मुलांच्या गणिताचा क्लास आणि भारतीय किराणा अशी ओळ लागली आहे. सकाळी कार्यसिद्धि हनुमानाच्या देवळात गेलो तर गाडी लावायला जागा मिळेना. प्रसादाच्या रांगेत तेलुगू सर्वांत जास्त, मग तमिळ, आणि मधूनच आपलं "अहो, जरा पुढे सरका की".

महाराष्ट्रातल्या निवडणुकांच्या बातम्या करण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे कुठल्याही गावात गेलं की आधी मतदारयादी डोळ्यांपुढे येते. टेक्सासबद्दल तर मी गेली वीस वर्षं एकच भाकीत ऐकत आले आहे. बाहेरून माणसं येताहेत, हिस्पॅनिक (मेक्सिकोसारख्या स्पॅनिशभाषक मुळाचे) वाढताहेत, आशियाई वाढताहेत, गोरे अल्पसंख्य होताहेत; तेव्हा रिपब्लिकनांचा हा बालेकिल्ला आज ना उद्या ढासळणारच. यातला आकड्यांचा भाग खरा ठरला. 2010 ते 2020 या दहा वर्षांत राज्यात जवळजवळ 40 लाख माणसं वाढली आणि त्यातली 95 टक्के बिगरगोरी होती. 2022 पर्यंत हिस्पॅनिकांची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त झाली. किल्ला मात्र जागेवर आहे. डेमोक्रॅट उमेदवारानं अध्यक्षपदासाठी टेक्सास शेवटचं जिंकलं ते 1976 साली, जिमी कार्टर यांनी. राज्यभरातून लढवायचं एखादं पद त्या पक्षाला शेवटचं मिळालं त्यालाही आता तीस वर्षं होऊन गेली, ते साल 1994.

असं का झालं याचं निम्मं उत्तर भावाच्या जेवणाच्या टेबलावरच मिळालं. घरात माणसं चार. भाऊ 2006 साली आला, एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. ग्रीन कार्डाचा अर्ज 2014 चा. दरवर्षीच्या ग्रीन कार्डांपैकी एका देशाला 7 टक्क्यांपेक्षा जास्त द्यायची नाहीत असा नियम आहे, आणि भारतीयांची रांग त्यात अडकून पडली आहे. वहिनीचं भवितव्य त्याच अर्जाला बांधलेलं. भाचा सातवीत. मत आहे ते एकट्या भाचीला, तेही गेल्याच वर्षी अठरा पूर्ण झाल्यामुळे. ती इथे जन्मली, म्हणून नागरिक. जनगणनेत मात्र चौघंही मोजले गेले. अमेरिकेत काँग्रेसच्या जागा वाटतात त्या एकूण डोक्यांवर. 2020 नंतर टेक्सासला दोन जागा वाढवून मिळाल्या, आता 38 आहेत. राज्यातले मतदारसंघसुद्धा एकूण लोकसंख्येवर आखायला हरकत नाही असं सर्वोच्च न्यायालयानं 2016 साली सांगितलं, आणि तो खटला टेक्सासचाच होता. म्हणजे माझ्या भावाच्या डोक्यावर राज्याला जागा वाढवून मिळणार, पण तिथे कुणी बसायचं हे विचारायला त्याच्याकडे कुणी येणार नाही. या गल्लीत अशी घरं किती, ते त्याला तोंडपाठ आहे. उमेदवारांची नावंही तोंडपाठ आहेत. मत नसलेला इतका कट्टर राजकीय माणूस मी दुसरा पाहिला नाही. सगळा प्रचार बिचारा लेकीपुढे करतो.

संध्याकाळी शेजारचे गोरे गृहस्थ गप्पा मारायला आले. कॅलिफोर्नियातून 2021 साली आलेले. टोयोटानं 2017 मध्ये अमेरिकेतलं मुख्यालय कॅलिफोर्नियाहून शेजारच्या प्लेनोला हलवलं, तेव्हापासून तिकडून माणसांचा ओघ चालू आहे. टेक्सासात राज्याचा प्राप्तिकर नाही. घरपट्टी भरताना तो आनंद ओसरतो, ते वेगळं. गव्हर्नर ग्रेग ॲबट यांची घोषणाच होती, माझ्या टेक्सासचं कॅलिफोर्निया करू नका. हे गृहस्थ ती घोषणा स्वतःच्या छातीवर मिरवतात, टी-शर्टवर छापून! तिकडचे कर, तिकडच्या शाळा, तिकडचे कायदे यांना कंटाळूनच ते इकडे आले. मग मत बदलायला कशाला येतील? हे उदाहरण एकट्यादुकट्याचं नाही. 2018 च्या सिनेट निवडणुकीत रिपब्लिकन टेड क्रूझ यांनी डेमोक्रॅट बेटो ओ'रूर्क यांना तीन टक्क्यांहूनही कमी फरकानं हरवलं. तेव्हाच्या एक्झिट पोलमध्ये टेक्सासात जन्मलेल्यांचा कल थोडक्यात ओ'रूर्ककडे होता, 51 विरुद्ध 48. बाहेरून येऊन स्थायिक झालेल्यांनी क्रूझना 57 टक्के दिले. भाकीत सांगणाऱ्यांचा हिशेब नेमका उलटा निघाला.

तरी फ्रिस्को जिच्यात मोडतं ती कॉलिन काउंटी (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) काही दगडासारखी नाही. 2012 मध्ये अध्यक्षपदाचे रिपब्लिकन उमेदवार मिट रॉम्नी इथे 31 टक्क्यांच्या फरकानं जिंकले, 2020 मध्ये ट्रम्प पाचाहून कमी फरकानं. 2024 मध्ये फरक पुन्हा 11 च्या आसपास गेला. लाट आली, ओसरली.

सप्टेंबरात नव्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचं शुल्क लागल्यापासून भावाच्या घरात बोलणं जरा दबकत होतं. परिसराच्या ग्रुपवर "यांनी गाव भरून टाकलं" असे निरोप येतात. भाऊ म्हणाला, "ताई, दादरला आपले काका हेच म्हणायचे. फक्त तेव्हा आपण आतले होतो." 1966 नंतरची मुंबई आम्हा दोघांनाही आठवणीत नाही, पण काकांचा आवाज आहे.

रविवार, ऑस्टिन

भाचीची कॉलेजची सुट्टी आठवडाभर उरली होती. गाडी ती चालवणार, बिलं आत्या भरणार, असा करार झाला. आय-35 नं दक्षिणेला निघालो. वेको यायच्या आधी वेस्ट नावाचं गाव लागतं (दिशेशी संबंध नाही, आडनावावरून पडलंय). तिथे झेक लोकांची कोलाचे नावाची गोड, फळं भरलेली पावपोळी मिळते. एकोणिसाव्या शतकात आलेल्या झेक आणि जर्मन शेतकऱ्यांनाही तेव्हाचे टेक्सन संशयानंच पाहत. त्यातल्या बऱ्याच जर्मनांनी तर यादवी युद्धात गुलामगिरीवाल्यांची बाजू घ्यायला नकार दिला होता. आज त्यांचे पणतू रिपब्लिकनांचे हुकमी मतदार आहेत. जर्दाळूचा कोलाचे उत्तम. सॉसेजवाला मी खाल्ला नाही, भाचीनं दोन खाल्ले.

ऑस्टिनचं कॅपिटॉल गुलाबी ग्रॅनाइटचं आहे, नि रविवार असूनही उघडं होतं. प्रतिनिधीगृहात 150 सदस्य, गणपूर्तीला 100 लागतात. गेल्या ऑगस्टमध्ये हाच आकडा मोडायला डेमोक्रॅट आमदार राज्य सोडून इलिनॉयला गेले. आपल्याकडे आमदार पळवून नेतात आणि रिसॉर्टवर ठेवतात. इथे ते स्वतःहून पळतात, हाच काय तो फरक. ट्रम्पना टेक्सासातून पाच जागा जास्त हव्या होत्या, म्हणून जनगणनेची वाट न पाहता दशकाच्या मध्येच नकाशा नव्यानं आखायला घेतला. आमदार शेवटी परतले, नकाशा झाला, ऑगस्टअखेर ॲबटांनी सही केली आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तो 2026 साठी वापरायला मोकळीक दिली.

या नकाशात एक गंमत आहे आणि ती बातम्यांच्या गदारोळात नीट ऐकू आली नाही. पूर्वी रिपब्लिकन नकाशे आखायचे ते हिस्पॅनिक मतं फोडून विखुरण्यासाठी. या खेपेला ज्या पाच जागांवर डोळा आहे त्यांतल्या बहुतेक हिस्पॅनिक बहुसंख्येच्या आहेत. ज्यांच्या वाढीमुळे आपण बुडू असं वीस वर्षं वाटत होतं, त्यांच्याच मतांवर आता पक्षानं पाच जागांचा जुगार लावला आहे. भाची म्हणाली, "आत्या, आमच्या प्रोफेसरना हे पटत नाही, ते म्हणतात 2024 मध्ये हिस्पॅनिक ट्रम्पकडे वळले ती लाट टिकणार नाही." मी म्हटलं, जुगार म्हणतात तो यालाच.

सोमवार, सॅन अँटोनिओ

अलामो, म्हणजे टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धातली इथली प्रसिद्ध गढी, पाहून लोक निराश होतात. दगडी दर्शनी भिंत आपल्या वाड्याच्या मानानंसुद्धा बेताची आणि समोर हॉटेलं, दुकानं. मी निराश झाले नाही, कारण मला भिंत बघायचीच नव्हती. स्थलांतरानं टेक्सासचं राजकारण बदललं की नाही असा वाद घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की एकदा ते खरोखरच मुळासकट बदललं, आणि बदलणारे होते अमेरिकेतून आलेले गोरे.

1821 नंतर हा मुलूख स्वतंत्र मेक्सिकोचा. उत्तरेकडची ओसाड जमीन कसायला माणसं हवीत म्हणून सरकारनं अमेरिकनांना बोलावलं. स्टीफन ऑस्टिनच्या पुढाकारानं पहिली तीनशे कुटुंबं आली. अटी साध्या होत्या: कॅथलिक व्हा, मेक्सिकोचे कायदे पाळा. लोक आले, नावापुरते कॅथलिक झाले, गुलाम बरोबर आणले आणि कापूस लावला. भटाला दिली ओसरी! 1828 मध्ये जनरल मान्युएल दे मिएर इ तेरान सरहद्दीच्या पाहणीला आले. बेहारहून, म्हणजे या सॅन अँटोनिओहून, नॅकोग्डोचेसकडे जाताना मेक्सिकोचा प्रभाव पावलागणिक कमी होत जातो, असं त्यांनी राष्ट्राध्यक्षांना कळवलं. त्यांच्या इशाऱ्यावरून 6 एप्रिल 1830 चा कायदा झाला: अमेरिकेतून आणखी वसाहतदारांना येण्यास बंदी. ती कुणी जुमानली नाही. सीमा लांब, शिपाई थोडे, जमीन स्वस्त. म्हणजे टेक्सासातला पहिला बेकायदा घुसखोर इंग्रजी बोलत होता. तेरानना पुढचं दिसत होतं. 1832 मध्ये पादिया गावी त्यांनी स्वतःच्याच तलवारीवर देह टाकला. मार्च 1836 मध्ये अलामो पडला आणि एप्रिलमध्ये सॅन हसिंतोची लढाई होऊन टेक्सास मेक्सिकोच्या हातून गेलं.

अलामोच्या आत लढणाऱ्यांत स्पॅनिश बोलणारे तेहानोही होते, हे इथल्या पाट्या आता मोकळेपणानं सांगतात. हुआन सेगीन त्यातला मोठा माणूस. निरोप्या म्हणून बाहेर पाठवला गेला म्हणून वाचला, सॅन हसिंतोला लढला, पुढे सॅन अँटोनिओचा महापौर झाला. नव्यानं येणाऱ्या गोऱ्यांनी त्याच्यावर फितुरीचे आळ घेतले आणि 1842 साली त्याला मेक्सिकोत पळून जावं लागलं. आपण जन्मभूमीतच परके झालो, असं त्यानं आठवणींत लिहून ठेवलंय. भाचीनं टेक्सासचा इतिहास शाळेत शिकला आहे, चौथीत आणि सातवीत. सेगीनचं नाव तिला आठवत होतं, त्याचा शेवट नाही.

दुपारी शहराच्या पश्चिम भागात गेलो. विली वेलास्केस यांनी 1974 मध्ये इथूनच हिस्पॅनिकांच्या मतदार नोंदणीची चळवळ उभी केली. 'सु व्होतो एस सु व्होस', तुझं मत हाच तुझा आवाज, ही तिची घोषणा. 1966 पर्यंत टेक्सासात मत द्यायला पट्टी भरावी लागे, त्यामुळे गरीब आपोआप गळत. वेलास्केस यांच्यासारख्यांनी दारोदार फिरून नावं घातली. 1981 मध्ये हेन्री सिस्नेरोस महापौर झाले. लोकसंख्या वाढली की मतं आपसूक वाढतात, असं त्या पिढीला कधी वाटलं नाही. तो भ्रम पुढच्यांचा. 2013 मध्ये ओबामांच्या प्रचारातली मंडळी 'बॅटलग्राउंड टेक्सास' काढून मोठ्या थाटात आली. पुढच्याच वर्षी गव्हर्नरपदाच्या लढतीत डेमोक्रॅट वेंडी डेव्हिस 20 टक्क्यांच्या फरकानं हरल्या.

मंगळवार, कोटुला ते रिओ ग्रांदे सिटी

सॅन अँटोनिओ सोडलं की झाडं खुजी होतात आणि तेलविहिरींचे ट्रक वाढतात. कोटुला हे महामार्गालगतचं छोटं गाव. वीस वर्षांचा लिंडन जॉन्सन 1928 मध्ये इथल्या वेलहाउसेन शाळेत मेक्सिकन मुलांना शिकवायला आला. मुलं उपाशीपोटी वर्गात बसत. ते त्याला विसरता आलं नाही, असं त्यानं मार्च 1965 मध्ये अध्यक्ष म्हणून काँग्रेसपुढे मतदानहक्काचं भाषण करताना सांगितलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मतदानहक्क कायदा झाला, ऑक्टोबरमध्ये स्थलांतराचा नवा कायदा. दुसऱ्या कायद्यामुळे आपली माणसं अमेरिकेत येऊ लागली. फ्रिस्कोतल्या देवळाच्या पार्किंगची मूळ जबाबदारी या कोटुलाच्या मास्तरावर टाकायला हरकत नाही. कोटुला ज्या ला सॅल काउंटीत आहे ती 2020 मध्ये ट्रम्पकडे गेली.

लारेडोपासून 83 क्रमांकाचा रस्ता नदीला धरून जातो. सापाता, मग रोमा. रोमाच्या कड्यावरून खाली रिओ ग्रांदे दिसते, आणि पलीकडे मेक्सिकोचं मिगेल आलेमान. नदी इतकी चिंचोळी की पलीकडल्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू येतं. इथल्या बऱ्याच घराण्यांकडे स्पॅनिश राजाच्या काळातल्या जमिनीच्या सनदा होत्या. आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनं आम्हाला ओलांडलं, असं इथे म्हणतात.

स्टार काउंटीचं मुख्य गाव रिओ ग्रांदे सिटी. शंभरातली सत्त्याण्णव माणसं हिस्पॅनिक. 2016 मध्ये इथे हिलरी क्लिंटन यांना 79 टक्के मतं होती. 2020 मध्ये बायडन 52 वर आले. 2024 मध्ये ट्रम्प जवळपास 58 टक्के मतं घेऊन जिंकले. याआधी या काउंटीनं रिपब्लिकन उमेदवाराला 1892 साली पसंती दिली होती. लारेडो, मॅकॅलन, ब्राउन्सव्हिल, नदीकाठच्या या शहरांच्या काउंट्याही बरोबरीनं गेल्या. एक्झिट पोलप्रमाणे त्या वर्षी टेक्सासातल्या निम्म्याहून जास्त हिस्पॅनिकांनी ट्रम्पना मत दिलं.

आज 6 जानेवारी, तीन राजांचा सण. बेकरीत रोस्का दे रेयेस घ्यायला रांग होती. हा कडं केलेला गोड पाव, आत प्लॅस्टिकचं बाळ लपवलेलं. ज्याच्या तुकड्यात बाळ येईल त्यानं 2 फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले (मक्याच्या पिठाचे, वाफवलेले) खिलवायचे. आमच्या टेबलावर एक निवृत्त शिक्षिका येऊन बसल्या. भाचीचं शाळेतलं स्पॅनिश त्यांना ऐकवेना, म्हणून त्याच इंग्रजीवर आल्या. त्यांचे वडील मरेपर्यंत डेमोक्रॅट होते. त्या स्वतः 2016 पर्यंत. मुलगा बॉर्डर पेट्रोलमध्ये, जावई तेलाच्या कामावर, भाचा शेरीफच्या कार्यालयात.

"आमच्याकडे पगाराची नोकरी म्हणजे शाळा, दवाखाना, सीमेवरचा गणवेश किंवा तेल," त्या म्हणाल्या. "आणि टीव्हीवरचे लोक सांगणार, गणवेश वाईट, तेल वाईट. मग उरलं काय?" 2021 नंतर सीमेवरून माणसांचे लोंढे आले, तेव्हा आपल्याच गावाच्या दवाखान्यावर ताण पडला, हे त्यांना जास्त लागलेलं दिसलं. महागाईचा विषय त्यांनी अंड्यांपासून सुरू केला. चर्चचा विषय त्यांनी काढलाच नाही. तो मी काढला, तर हसल्या.

मी विचारलं, आता धाडी चालल्यात, लोक धरून नेताहेत, त्याचं काय? त्या बराच वेळ पाव कुरतडत राहिल्या. बांधकामावर माणसं मिळेनाशी झालीत म्हणाल्या. चुलतभावाच्या नव्या घराचं छत तीन महिने अडलंय. "मी मत दिलं ते सीमेसाठी. छतासाठी नाही." पुढच्या वेळी कुणाला, हे त्यांनी सांगितलं नाही. गठ्ठा समजून ज्यांना वर्षानुवर्षं मोजलं, त्यांनी गठ्ठा सोडवून दाखवला आहे. तो दुसऱ्या कुणाला जसाच्या तसा बांधून मिळेल असं मात्र या बाईंकडे बघून वाटेना. स्थलांतरानं राजकारण बदलतं हे खरं धरलं, तरी टेक्सासात बदल घडवला तो नव्यानं आलेल्यांनी नव्हे. तो घडवला अडीचशे वर्षं इथेच असलेल्या माणसांनी, तोही सगळ्यांनी वर्तवलेल्या दिशेच्या विरुद्ध.

बाळ भाचीच्या तुकड्यात आलं. तामाले कुणाला देणार, हा प्रश्न तिनं मोठ्या गांभीर्यानं घेतला.

बुधवार, नदीच्या मुखाशी

दिवसभर नुसता प्रवास. मॅकॅलनमध्ये जेवलो. बोका चिकाला समुद्राच्या तोंडाशी स्पेसएक्स या रॉकेट कंपनीचं स्टारबेस आहे. गेल्या मे महिन्यात त्या वस्तीनं स्वतंत्र शहर होण्याचा कौल दिला, 212 विरुद्ध 6. मतदार बहुतेक सगळे कंपनीचे नोकर किंवा त्यांच्या घरचे. माणसं आणून राजकारण बदलायचं शुद्ध प्रात्यक्षिक हवं असेल तर ते इथे आहे, आणि ते करायला जनगणनेची वाट बघावी लागली नाही. किनारा सुंदर, वारा फार. आम्ही दोन तासांत परतलो.

गुरुवार, फालफुरियास, ॲलिस

281 नं उत्तरेला वळलो. सीमा मागे टाकून तासाभरानं फालफुरियासची तपासणी चौकी लागते. देशाच्या आत, पण गाड्या थांबवतात. हिस्पॅनिक चेहऱ्याचा तरुण अधिकारी वाकून बघत म्हणाला, "नागरिक?" भाची म्हणाली, हो. मी पासपोर्ट पुढे केला. त्यानं व्हिसाचं पान पाहिलं, कुठे चाललात विचारलं आणि जाऊ दिलं. अर्धा मिनिटही लागला नाही. मात्र भाची पुढे मैलभर गप्प होती. मग म्हणाली, बाबा इकडे कधीच का येत नाही ते आत्ता कळलं. त्याची कागदपत्रं चोख आहेत. तरी येत नाही. बॉर्डर पेट्रोलमधले साधारण निम्मे जवान हिस्पॅनिक आहेत, हे मी तिला सांगायला गेले. "ठाऊक आहे गं," एवढंच उत्तर मिळालं. चौकी टाळायला वाळूच्या झुडपांतून पायी निघालेली माणसं या काउंटीत तहानेनं मरतात, त्यांच्या निनावी कबरी फालफुरियासच्या दफनभूमीत आहेत. तिकडे गाडी वळवायचं ठरलं होतं, वळवली नाही.

ॲलिसला थांबले ते माझ्या हट्टापायी. 1948 मध्ये सिनेटसाठी डेमोक्रॅट पक्षाची उमेदवारी ठरवणाऱ्या लढतीत जॉन्सन 87 मतांनी जिंकला, आणि ती मतं इथल्या 13 नंबरच्या पेटीतून निघाली, मतदान संपून सहा दिवसांनी. यादीच्या शेवटी 202 नावं जास्तीची, एकाच शाईत, वर्णानुक्रमानं. 200 जॉन्सनला, 2 विरोधकाला. मागे हात जॉर्ज पार या 'ड्यूक'चा. आजूबाजूच्या काउंट्यांत हिस्पॅनिक मजुरांची मतं त्याच्या शब्दावर पडत. नोकरी तो देणार, दवाखान्याचं बिल तो भरणार. आमच्याकडच्या साखर कारखान्याच्या चेअरमनला हे वाचून घरच्यासारखं वाटेल. ज्याला पुढे डेमोक्रॅटांचा नैसर्गिक मतदार म्हणत राहिले, त्याच्या निष्ठेचा पाया हा असा होता. तो कधीतरी खचायचाच होता. ॲलिसची काउंटीसुद्धा 2020 पासून ट्रम्पकडेच.

शुक्रवार, शुगर लँड

ह्यूस्टनच्या नैऋत्येला फोर्ट बेंड काउंटी. इथे गोरे, हिस्पॅनिक, काळे, आशियाई असे चारही गट मोठे आहेत, बहुमत कुणाचंच नाही. गावाचं नाव साखरेवरून. उसाच्या मळ्यात आधी गुलाम राबले, मग भाड्यानं दिलेले कैदी. 2018 मध्ये शाळेच्या बांधकामासाठी खणताना अशा 95 काळ्या कैद्यांचे सांगाडे निघाले. साखर कारखान्याचं धुराडं बंद पडून वीसेक वर्षं झाली. आता नव्वद फुटी हनुमान उभा आहे, अष्टलक्ष्मीच्या देवळात, ऑगस्ट 2024 पासून. टेक्सासात हा कशाला, म्हणून आरडाओरड झाली, अजून होते. दर्शनाला आलेल्यांत मला दोन मेक्सिकन कुटुंबं दिसली, फोटो काढण्यात गुंग.

भावाच्या ओळखीचे एक काका इथे राहतात. मूळचे साताऱ्याचे, ऐंशीच्या दशकात आलेले, नागरिक, प्रत्येक निवडणुकीला मत देणारे. काकूंनी थालीपीठ केलं होतं. काका सांगत होते, इथला खासदार टॉम डीले होता, राजकारणात येण्याआधी घरातली झुरळं-वाळवी मारायच्या औषधफवारणीचा धंदा करायचा. 2003 मध्ये मध्येच नकाशा बदलण्याचा पहिला खेळ त्यानंच केला. तेव्हाही डेमोक्रॅट पळाले होते, ओक्लाहोमाला. पुढे 2016 मध्ये ही काउंटी क्लिंटनकडे गेली, 1964 नंतर प्रथमच. 2018 मध्ये केरळात जन्मलेले के. पी. जॉर्ज डेमोक्रॅट म्हणून काउंटी जज निवडून आले. पदाचं नाव जज, काम काउंटीच्या कारभाऱ्याचं. गेल्या जूनमध्ये ते रिपब्लिकन झाले. 2024 मध्ये कमला हॅरिस इथे जिंकल्या, पण थोडक्यात.

"काका, तुम्ही कुठले?" मी विचारलं.

"राज्याला रिपब्लिकन, देशाला त्या त्या वेळी बघतो," काका म्हणाले. "आणि हनुमानावर बोलले त्यांना नाही."

3 मार्चला प्रायमरी आहे, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणारं मतदान. टेक्सासात पक्षाची नोंदणी नसते. केंद्रावर जाऊन कुठल्याही एका पक्षाची पत्रिका मागायची. नोंदणीची मुदत 2 फेब्रुवारी. काकांचं म्हणणं, नोव्हेंबरात निकाल आधीच ठरलेला असतो, खरी निवड मार्चमध्ये रिपब्लिकन पत्रिकेवर होते. मग तुम्ही कुणीही असा, तीच मागायची आणि त्यातला बरा माणूस निवडायचा. काकूंना हे साफ नामंजूर. "ज्यांना आपण नको, त्यांच्या दारात जाऊन कशाला मत द्यायचं?" त्या डेमोक्रॅटांची मागतात, गेली कित्येक वर्षं. दोघं एकाच गाडीनं मतदानाला जातात.

काकांनी भाचीला विचारलं, तू कुठली मागणार? ती म्हणाली, ऑस्टिनमधल्या मैत्रिणी एक सांगतात, बाबा दुसरी सांगतो, आता तुम्ही दोघं. काकू म्हणाल्या, आधी नाव कुठल्या काउंटीत आहे ते बघ, कॉलेजच्या की घरच्या. भाचीनं फोन काढला. नाव कॉलिन काउंटीत होतं. मग त्या दोघी टपालानं मतपत्रिका मागवायचा अर्ज शोधत बसल्या, आणि काका मला परत एकदा डीलेच्या वाळवीची गोष्ट सांगू लागले.